मंजूच्या कांजिण्या

नांदेड, मंगळवार, दिवेलागण

तूरडाळ, गूळ आला. चारशे दहा रुपये, महागच.

लातूरहून मंजूचा फोन. डॉक्टरकीत सध्या रोगप्रतिकारशक्ती शिकून राहिली ती. "आई, मला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का गं? एकदा झाल्या की शरीर ओळख ठेवतं. उद्यापासून कांजिण्यांच्याच वॉर्डात जायचं हाय."

"आठवून सांगते" म्हटलं. कांजिण्या तिच्या भावाला झाल्या होत्या. दाराला कडुलिंब बांधला, माहूरच्या रेणुकामातेला नवस बोलले, अन् मंजूला लागू नयेत म्हणून धर्माबादला आजोळी धाडलं. तेव्हा मीच तिला जपलं, म्हणून आज तिच्या अंगात ती ओळखच न्हाई? आई रेणुके, हे कसं गं?

आत्ताच तिला लिहून पाठवलं: तुला झाल्या न्हाईत. सरांना सांग, वॉर्डात जाऊ नको, आधी लस घे. वाचलंस की लगेच कळव.