पित्याच्या रकान्यातली रेघ

प्रति,
मेहेरबान जन्मनोंदणी अधिकारीसाहेब,
नोंदणी कचेरी.

विषय : माझ्या मुलीचा बाप परत मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या कचेरीचा तांबड्या शाईचा शेरा, 'पिता अज्ञात', ता. ४ फेब्रुवारी १९५८.

महोदय,

माझ्या मुलीचा बाप आपल्या कचेरीने नाहीसा केला आहे. तो रोज भोंग्याला पिंपरीच्या कारखान्यात जातो, सांजचा घरी येऊन मुलीला खांद्यावर घेतो. पण आपल्या दप्तरी तो नाही.

१. हकीकत अशी की, कारखान्याने यांना दीड वर्ष विलायतेत यंत्रे शिकायला धाडले. मीही सोबत गेले. तिथल्या सरकारी दवाखान्यात मुलगी झाली. तिथे बाळंतपणाला पैसा पडत नाही, हे खरे. पण नवऱ्याला दाराच्या आत घेत नाहीत. मला कळा चालू असताना नर्सने वही काढून विचारले, बाळाच्या बापाचे नाव काय? तेवढे इंग्रजी मला कळत होते. पण आमच्यात बायको नवऱ्याचे नाव घेत नाही. घेतलेच तर उखाण्यात. आणि ती नर्स काही हळदीकुंकवाला आली नव्हती. मी दाराकडे बोट केले. वारा लागतो असे समजून तिने दार लावून घेतले. पुन्हा विचारले, पुन्हा बोट. शेवटी तिने रकान्यात रेघ ओढली.

२. तो कागद बंद लिफाफ्यात मिळाला. सरकारी म्हणून आम्ही तो न फोडता देवापाशी ठेवला. ही चूक आमची, कबूल. चिंचवडात आल्यावर नोंदीसाठी आपल्या कारकुनांनी तो फोडला आणि रेघेचा अर्थ 'अज्ञात' असा लावला.

३. मुलीचे वडील स्वतः कचेरीत उभे राहिले. म्हणाले, "बाप मी." कारकून म्हणाले, "असं कुणीही म्हणेल." शेजारचे शफीभाई मिस्त्री साक्षीला आले. "भाऊसाहेब, पोरीचं नाक तरी बघा की!" नाकाचा रकाना नाही, असे उत्तर मिळाले. मग हुकूम झाला : आईने स्वहस्ते नाव लिहून अर्ज करावा.

४. मी शाळेत गेलेली नाही. अक्षरे धाकट्या दिराच्या पाटीवरून उचलली. अर्जनवीसाने पुढचा मजकूर गाळला असता, म्हणून स्वतः लिहिते. कारकूनसाहेबांच्या कुटुंबाला मी नळावर विचारले, "वहिनी, तुमच्या यांना हाक कशी मारता?" त्या लाजून म्हणाल्या, "अहो." तर त्यांच्या चार मुलांच्या नोंदीत बापाच्या जागी 'अहो' लिहिले आहे काय? आणि साहेब, आपल्या मातोश्रींनी आपल्या वडिलांचे नाव सुईणीपुढे घेतले होते काय? तरी आपल्या नावापुढे रेघ नाही. माझ्या मुलीचा गुन्हा एवढाच, की तिची सुईण आमच्या आळीतली नव्हती.

५. मुलगी उद्या शाळेत जाईल. मास्तर हाच कागद मागतील, वर्गापुढे वाचतील. आपण तोवर बदलून गेलेले असाल. तांबडी शाई तिच्या तोंडावर राहील.

सबब हुकमाप्रमाणे नाव देते. आमच्या रीतीने देते :

पिंपरीच्या माळावर वाजतो भोंगा,
उद्धवरावांचे नाव घेते, 'अज्ञात' कधी खोडता, सांगा!

उत्तर येईपर्यंतच नम्र,
दुर्गाबाई उद्धव शेडगे
चिंचवड, ता. १७ मार्च १९५८

सोबत :
१. विलायतेचा कागद, रेघेसह.
२. मुलीचा बाप, समक्ष. पाहून लेखी पोच द्यावी व परत करावा.