चटणीच्या डब्यातल्या गोळ्या

५ फेब्रुवारी
आणलं — शेंगदाणे एक किलो, दीडशे. सुकं खोबरं पाव किलो, नव्वद. लसूण चाळीस. प्रियाच्या गोळ्या — नाही मिळाल्या.

कोठी बाजारातला औषधवाला आज अडला. "अम्मा, ये चिठ्ठी पुरानी हो गई. नक्को. नई लाओ." इतकी वर्षं याच चिठ्ठीवर देत होता! आता नियम कडक झालेत म्हणे.

चटणी कुटून ठेवली. दर महिन्याला चटणीत गोळ्या पुरून डबा बसने नांदेडला, लेकीकडे जातो. प्रियाला फिट येतात हे सोयरीक जुळवताना आम्ही सांगितलं नाही. तिच्या सासरी वाटतं, माहेरची चटणी येते.

६ फेब्रुवारी
नारायणगुड्याला दवाखान्यात गेले. आता जुन्या डॉक्टरांची सून बसते. चिठ्ठी पाहून तिनं विचारलं, "मुलीचं लग्न झालं?" दीड वर्ष झालं म्हटलं. तिनं पेन खाली ठेवला. "दिवस राहिले तर ही गोळी बाळाला बाधू शकते. मणक्याला, डोक्याला. कोणी सांगितलं नव्हतं?"

कोण सांगणार? गोळी सुरू झाली तेव्हा प्रिया नववीत होती.

मग बंद करू का? — "अजिबात नको. एकदम थांबवली तर झटके येतील, जिवावर बेतेल. तिला घेऊन या, हळूहळू बदलू." तोवर एका महिन्याच्या लिहून दिल्या. त्या आणल्या.

घ्यावी तर बाळाला धोका, सोडावी तर तिला. मी काय करू?

७ फेब्रुवारी
प्रियाला फोन केला. मागून तिच्या सासूचा, सावित्रीबाईंचा आवाज — "कोणाचाय गं?" चटणीत लसूण किती घालू, एवढंच विचारून ठेवून दिला.

हे म्हणाले, "दहा वर्षांत एक फिट नाही. ती डॉक्टरीण अजून शिकतेय. पाठव गुमान." पटलं. मग पटेना.

८ फेब्रुवारी
विहारात वंदनेला गेले. पंचशील म्हणताना चौथ्याला, खोटं बोलणार नाही म्हणताना, आवाजच फुटेना. शेजारच्या इंदुताई म्हणाल्या, "घसा धरला का?" हो म्हटलं. म्हणजे आणखी एक खोटं.

९ फेब्रुवारी
डबा घेऊन अफझलगंजपर्यंत गेले. नांदेडची बस लागलेली होती. परत आले.

१० फेब्रुवारी
सकाळीच सावित्रीबाईंचा फोन. "विहीणबाई, चटणी पाठवा. गोळ्या नका पाठवू."

दसऱ्याला प्रिया न्हाणीत पडली होती. गोळी चालू असून फिट आली. सावित्रीबाईंनीच उचललं, त्यांनीच दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी गोळी थोडी थोडी करून बदलली; जुनी पुरती सुटायला संक्रांत उजाडली. "परवा तुम्ही लसणाचं विचारलंत, तेव्हाच म्हटलं काहीतरी अडलंय."

मला का नाही सांगितलं, विचारलं.

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो. प्रियालाही मीच थांबवलं," म्हणाल्या. मग — "दुसरा महिना चालू आहे तिला."

११ फेब्रुवारी
डबा गेला. वर चिठ्ठी ठेवली —

सावित्रीबाई, पुढच्या महिन्यात सोनोग्राफी आहे म्हणालात. डॉक्टर काय सांगतील ते उलट बसने लिहून पाठवा. वाईट असलं तरी लपवू नका.