टोरांटो, एकवीस तास

११ जून
साडेबारा हजार किलोमीटर! मुंबई ते टोरांटो. आज फोनवर पाहिलं. सरळ विमान असतं तर पंधरा तास. माझं मध्ये एकदा बदलायचं — एकवीस. बुधवारी, आठ जुलैला, पहाटे चारला उडायचं आणि उतरायचं बुधवारीच दुपारी! त्यांचं घड्याळ साडेनऊ तास मागे. सातवीत शाळा सुटली तरी कागदावर मांडून जमवलं. डोंबिवलीहून विमानतळ दोन तास, ते कुणी धरत नाही.
एकवीस तास उर्वीचा आवाज नाही. पहिलं बाळंतपण पोरीचं. तारीख दोन ऑगस्ट आहे, पण मी वर असताना कळा सुरू झाल्या तर?

१२ जून
यांच्या वर्षश्राद्धासाठी गुरुजींना फोन केला. मी धरून चालले होते, तिथी जूनमध्येच येईल, मग निर्धास्त जायचं. गुरुजी म्हणाले, "अहो, सध्या अधिक महिना चाललाय ना? आषाढ शुद्ध नवमी तेवीस जुलैला."
आणि विमान आठला!
तिकीट जानेवारीत काढलं. पंचांग नेहमी हेच बघायचे. मी गेल्या वर्षीची तारीख घेतली आणि अकरा दिवस मागे मोजले. जावयाचं अधिकाचं वाण मात्र लक्षात राहिलं. तेहतीस अनारसे, कुरियरने! आणि हे नाही.

१४ जून
महिपतभावजी येऊन गेले. श्राद्ध तेच करणार, यांचे धाकटे भाऊ. चहा घेतला नाही. "वहिनी, दादाचं वर्ष व्हायच्या आत समुद्र ओलांडणार? लोकांचं सोडा, दादा काय म्हणेल?"
हे काहीच म्हणाले नसते. कधी म्हणायचेच नाहीत.

१५ जून
उर्वीला सांगितलं. ती म्हणाली, "आई, बाबा थांबतील गं. बाळ थांबणार नाही."
म्हटलं, तेवीसला तिथी, चोवीसला निघते. नऊ दिवस हातात राहतात. पहिलटकरणीला उशीरच होतो.
"कोण म्हणतं?"
"सगळे म्हणतात."
"सगळे येणारेत का इथे?"

१७ जून
तिकीट बदललं. चोवीस जुलै. भावजी खूश. उर्वीने नुसता अंगठा पाठवला.

२ जुलै
इथे तरी खरं लिहावं. श्राद्ध भावजी करणार, स्वयंपाक जाऊबाई करतील. माझ्यावाचून काही अडत नव्हतं. मी तिथीच्या आड लपले. या घरात अजून यांचा टॉवेल खुंटीवर आहे. तो धुवायला माझा हात होत नाही. साडेबारा हजार किलोमीटर गेले, तर यांच्यापासूनही तेवढीच लांब जाईन असं वाटतं. हे कुणाला सांगायचं? पोरीला? तिचेही बाप होते ते!

८ जुलै
दुपारचे चार. गेले असते तर अर्ध्याहून जास्त वाट संपली असती.

१५ जुलै
मुलगी झाली. अठरा दिवस आधी. ऋतुराजचा फोन होता. जावई काल रात्रीपासून एकटाच धावतोय. दोघी ठीक आहेत म्हणाला.
म्हटलं, उर्वीला दे.
मागून तिचाच आवाज आला — "झोपलेय म्हणून सांग."
तो म्हणाला, "आई, झोपलीय ती."
मी म्हटलं, "बरं. झोपू दे."