धुळे कोर्टातून पोर्ट लुईला

पोर्ट लुई, मॉरिशस
४ फेब्रुवारी २०२४

ती. इंदिराआत्यास,
सा. न. वि. वि.

आपला तेजसदादा सांगत होता, कानाचं नवं यंत्रही तू डब्यात टाकून दिलंस आणि फोनवर माणसं माशांसारखी नुसती तोंडं हलवतात म्हणालीस. म्हणून हे पत्र. यात तुला चुकाही काढता येतील.

बातमी मोठी आहे. आमचे सॉलिसिटर जनरल एप्रिलअखेर निवृत्त होतायत. सरकारचा सर्वांत वरचा कायदा अधिकारी, मंत्रीसुद्धा सही करण्याआधी त्याला विचारतात. त्या जागी माझं नाव सुचवलंय. शुक्रवारी बोलावून विचारलं, तयार आहात का. मी हो म्हणाले आणि बाहेर येऊन जिन्यातच बसले.

योगराजशी लग्न करून इथे आले तेव्हा धुळे कोर्टातली माझी पाच वर्षांची वकिली इथे शून्य धरली गेली. रिद्धी अडीच महिन्यांची असताना पुन्हा वकिलीच्या परीक्षेला बसले. पहिल्या खटल्यात साक्षीदार इथल्या क्रेओल बोलीत बोलत राहिला आणि सरकारी वकील असून मलाच दुभाष्या मागावा लागला. न्यायाधीश हसले नाहीत, ते जास्त लागलं. मग वर्षभर दर शनिवारी भाजीबाजारात भोपळ्यापासून मिरचीपर्यंत घासाघीस करून ती भाषा शिकले. चौदा वर्षं कराराची नोकरी केली. आणि आता हे.

अडचण एकच. या पदासाठी इथलं नागरीकत्व घ्यावं लागेल, म्हणजे आपला पासपोर्ट परत करायचा. आई रडेल आणि मग सावरेल. आबांचं सांगता येत नाही. मी लग्न ठरवलं तेव्हा ते आठ दिवस बोलले नव्हते, आणि तेव्हा तर मी फक्त गाव सोडत होते. तू चोपड्याला जाऊन सांगशील का? तुझं ते ऐकतात. मार्चअखेरपर्यंत मला कळवायचंय. आबा नको म्हणाले तर मी नाव मागे घेणार. योगराजलाही तसं सांगून टाकलंय.

पाठीवर हात असू दे.
तुझी,
कामिनी


धुळे
१९ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. कामिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. 'नागरिकत्व' दीर्घ रीने लिहिलंयस. सॉलिसिटर जनरल व्हायचं तर तेवढं बघत जा. बातमी वाचली आणि शेजारच्या सुनंदाबाईंच्या हातावर साखर ठेवली. त्यांनी विचारलं, पोर्ट लुई कुठल्या जिल्ह्यात येतं. मी म्हटलं, नंदुरबारच्या बरंच पुढे.

आता कामाचं. तुझ्या आबांना मी सांगणार नाही. एकतीस वर्षं मी धुळे कोर्टात लघुलेखक म्हणून लोकांच्या जबान्या उतरवल्या. एकाची जबानी दुसऱ्याने दिलेली चालत नाही, हे तुला मी सांगायला हवं का? तूच लिही.

आणि ते माझं ऐकतात हा तुझा समज आहे. ते माझ्यासमोर गप्प बसतात, एवढंच. गेल्या आठवड्यात मळ्यात जाऊन आले. केळीचे घड उतरवणं चाललं होतं. आम्ही दोघं भाऊबहीण बांधावर तासभर बसलो. पाणी किती फूट खाली गेलं, वहिनीचे गुडघे कसे आहेत, यापलीकडे आमचं बोलणं गेलं नाही. पन्नास वर्षं ते तेवढंच असतं.

नाव मागे घेण्याची भाषा मात्र मला पुन्हा लिहू नकोस. कॉलेजची पाच वर्षं तू माझ्या घरात राहिलीस. मी भाकरी थापायची आणि तू ओट्याशी उभी राहून कलमं वाचायची. परीक्षा तुझी असायची आणि पाठ मला व्हायची. अजून अर्धी येतात. तुला कंटाळा यायचा, मला नाही यायचा. जाऊ दे ते.

रिद्धीला मराठीत चार ओळी लिहायला लाव. माझी आठवण जागी ठेव.
तुझी,
इंदिराआत्या


चोपडा
१५ मार्च २०२४

चि. सौ. कामिनीस,
आबाचा आशीर्वाद.

मी कधी पत्र लिहिलेलं नाही. तुझ्या लग्नाच्या पत्रिकांवरची नावंसुद्धा तुझ्या भावाने, तेजसने घातली होती. अक्षर सांभाळून घे. तेजस जळगावहून आलाय, तो याचा फोटो काढून पाठवेल. पण कागदही मी पोस्टात टाकणार आहे.

तुझं पत्र तेजसने वाचून दाखवलं. तुझी आई रडली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, लिहा तिला, पोर कोठे बी ऱ्हावो, ती मनीच शे. तू कुठेही राहा, तिच्या लेखी तू तिचीच आहेस.

मला राग आला होता. दोन दिवस मळ्यातून घरी आलो नाही. तिसऱ्या दिवशी तलाठ्याकडे गेलो. विचारलं, पोरीने दुसऱ्या देशाचा कागद घेतला तर सातबाऱ्यावरचं तिचं नाव जातं का. तो म्हणाला, असलेलं नाव त्याने जात नाही. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. घरी येताना कळलं की दुखणं वेगळंच आहे.

१९७२ साली तुझ्या आत्याला धुळ्याच्या लॉ कॉलेजात जायचं होतं. बी.ए.ला तिला पहिला वर्ग होता. आमचे वडील गेलेले, घरात माझा शब्द चालायचा. अर्जावर पालकाची सही लागत होती. मी अर्ज ठेवून घेतला, करतो म्हणालो आणि मुदत जाऊ दिली. नाही असं तोंडाने म्हणालो नाही, तेवढीही हिंमत केली नाही. तिने चार वेळा विचारलं. नंतर विचारलं नाही. लघुलेखन शिकली, नोकरीला लागली आणि जन्मभर दुसरे वकील काय बोलतात ते लिहीत बसली. मला एका शब्दाने बोलली नाही.

तू वकिलीचं नाव काढलंस तेव्हा मी तुला तिच्याकडे पाठवलं. लोक म्हणाले, आत्याकडे सोय झाली. सोय कसली? मला तिच्यापुढे सगळं कबूल करायचं होतं आणि ते तोंडातून निघत नव्हतं, म्हणून तुला पाठवलं.

आता तू विचारतेस आणि पुन्हा मुदत आहे. ही मी जाऊ देणार नाही. घे त्यांचं नागरिकत्व. मोठी हो.

एक कर. शपथेला मला बोलावू नको. इंदिराला ने आणि पुढच्या रांगेत बसव. तिचा पासपोर्ट तेजस बघतोय. हे पत्र तिला दाखवावंसं वाटलं तर दाखव.

जपून राहा. जावईबापूंना आणि नातीला आशीर्वाद.
तुझा,
आबा


पोर्ट लुई
६ मे २०२४

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

गुरुवारी शपथ झाली. पासपोर्ट परत दिला त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडले, पण गुरुवारी आवाज हलला नाही.

आत्या पहिल्या रांगेत होती. निळी सुती साडी, मांडीवर पिशवी. ऐकू येणार नाही म्हणून मी शपथेचा कागद तिच्या हातात दिला होता. माझे ओठ बघत ती एकेका शब्दावर बोट ठेवत माझ्याबरोबर चालली होती. शेवटचा शब्द संपला आणि ती उठून उभी राहिली. तसा काही रिवाज इथे नाही. पण म्हाताऱ्या बाईला उभं पाहून शेजारचे न्यायाधीश उठले, मग मागची रांग, मग सगळं सभागृह. तिला मागे काय चाललंय याचा पत्ताच नव्हता. नंतर एकांनी विचारलं, या कोण? मी सांगितलं, यांच्या घरी मी वकिली शिकले.

तुमचं पत्र मी दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात तिला दिलं. तिने दोनदा वाचलं. चहा गार झाला. मग म्हणाली, तिला सगळं ठाऊक होतं. आजोबांचे कागद शोधताना दोन वर्षांनीच सही न झालेला तो अर्ज तुमच्या पेटीत तिला सापडला होता. अनेक वर्षं तिला तुमचा राग होता. पुढे राग गेला, पण तोवर तुमची गप्प बसायची सवय झाली होती आणि तिचीही. तुम्ही एकदा विषय काढाल म्हणून ती प्रत्येक दिवाळीला बांधावर येऊन बसायची. म्हणाली, भाऊ चोपड्याला, मी धुळ्याला, आणि त्याच्या मनातली एवढी गोष्ट कळायला समुद्र ओलांडून यावं लागलं. एवढं बोलून हसली आणि हसता हसता रडायला लागली. आत्याला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

ती चौदा तारखेला मुंबईला उतरेल. पंधराला सकाळी धुळ्याच्या स्टँडवर पोचेल. तेजसदादाला पाठवू नका, तुम्ही स्वतः जा. ऐकू येत नाही म्हणून तिच्या हातात चिठ्ठीही देऊ नका. जे सांगायचं ते तोंडाने सांगा आणि मोठ्याने सांगा. स्टँडवरच्या सगळ्यांना ऐकू गेलं तरी चालेल.

आईला नमस्कार. तुमच्या हातचं पत्र आता येत राहू द्या.
तुमची,
कामिनी