रंगाची बाटली आणि अप्पांची साक्ष

मी, अन्नपूर्णा महादेवप्पा चडचणकर, वय बत्तीस, रसायनशास्त्राची पदवीधर, राहणार साखर पेठ, सोलापूर. पुढच्या महिन्यात मुंबईत माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. त्यातून परतले नाही तर माझ्यामागे काय व्हावे, हे कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतः विचार करून लिहीत आहे.

१. आईच्या पाटल्या भावाच्या, भीमाशंकरच्या, मुलीला द्याव्यात. त्याच्या हाती देऊ नयेत. "रंगाऱ्याची पोर रंगातच बुडाली, लग्नाचं ऱ्हायलंच की," असे तो पाहुण्यांसमोर अजून म्हणतो.

२. माझे खरे काम म्हणजे पेशी पाहण्यासाठी केलेला फ्लुओरेसंट रंग. एरवी तो पिवळा दिसतो, सूक्ष्मदर्शकाच्या निळ्या दिव्याखाली पेशीत हिरवा उजळतो. असे रंग आधीही होते, पण बघता बघता विझत. रेणूच्या टोकाचे मोकळे गट आधी तुटत, म्हणून मी ते कड्यात बांधले. या रंगाची बाटली, कृती आणि मोडीत घेऊन दुरुस्त केलेला सूक्ष्मदर्शक प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिका रमा सरवदे यांना द्यावा. "टिकतो म्हणजे किती?" असे दर वेळी विचारून त्यांनी मला खोट्या समाधानात राहू दिले नाही.

३. अंत्यविधी आपल्या रीतीने करावेत. भाषणे नकोत.

४. वडील, म्हणजे अप्पा, सुताचे रंगारी. खंडेनवमीला रंगखान्यातले प्रत्येक भांडे घासून पुजायचे, हा त्यांचा नेम. सहा वर्षांपूर्वी त्या दिवशी मी परगावी होते. माझ्याही कामाचा मान राहावा म्हणून त्यांनी माझी काचेची भांडी घासली, हळदकुंकू लावून मांडली. एका चंबूच्या तळाला चिकटलेला पिवळा थर हा माझा पहिला टिकलेला रंग होता. त्यांना ती घाण वाटली. मी एवढेच म्हटले, "अप्पा, तो रंग होता." मी रागावले असते तर बरे झाले असते, असे आता वाटते. तेव्हापासून ते माझ्या खोलीत आलेले नाहीत. चहाही दारातून देतात. लाडाने मला अव्वा, म्हणजे आई, म्हणतात. "माझा हात लागला की तुझं नुसकान हुतंय, अव्वा. मी हितंच बरा." रंग पुन्हा तयार झाला हे त्यांना सांगितले आहे, त्यांनी तो पाहिलेला मात्र नाही. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो आहे.

५. अप्पांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. ज्याला लाभ मिळतो त्याला साक्षीदार करता येत नाही, आणि साक्षीदाराने मला सही करताना पाहायला हवे. सही मी खोलीतल्या टेबलापाशीच करणार आहे. वकिलांनी अप्पांऐवजी दुसरा साक्षीदार सुचवला. मी नको म्हटले.

६. सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा लावून ठेवला आहे. साक्षीदारांनी सही करण्याआधी त्यात पाहावे. अप्पांनी घाई करू नये. रंग थांबेल.

सही: अन्नपूर्णा महादेवप्पा चडचणकर

साक्षीदार, दोघेही खोलीत हजर:
१. महादेवप्पा शिवप्पा चडचणकर
२. शरणप्पा संगप्पा हत्तुरे, शेजारी

स्थळ: साखर पेठ, सोलापूर
दिनांक: १४ ऑगस्ट १९७७