रसदासाचा काळ

३ ऑगस्ट १९५८, रविवार
गणेशोत्सवात मंडळानं मला गायला अर्धा तास दिला! बेळगावाहून बंगळुरात आल्यापासून चार वर्षं याचीच वाट पाहत होतो. व्यंकोजीरावांनाही अर्धा तास. त्यांचं घराणं म्हणे इथं तीनशे वर्षं आहे, पण चिजेचा कर्ता कोण, काळ कोणता, विचारा! म्हणाले, स्वल्प गोड वाटते म्हणून गातो. गवई कसले, ग्रामोफोन नुसते. संकल्प: रोज पहाटे दोन तास रियाज, एक तास इतिहास.

९ ऑगस्ट, शनिवार
दुरुस्ती. दोन तास इतिहास, एक तास रियाज. माझ्या यमनच्या चिजेत शेवटी 'रसदास' हे कर्त्याचं टोपणनाव येतं. शिवाय 'दरबार' हा शब्द. म्हणजे विजापूर, सतरावं शतक. आणखी पुरावा काय हवा?

२४ ऑगस्ट, रविवार
रियाज नाही. लायब्ररी. अंतरा करुण आहे, त्या अर्थी बादशहानं रसदासाला हद्दपार केलं असणार. शालन म्हणाली, अंतरा एकदा म्हणून तरी बघा. बायको झाली तरी हिला इतिहासाचं वावडंच.

१४ सप्टेंबर, रविवार
घसा बसलाय. बरंच झालं, टिपणं बावीस पानं झाली. व्यंकोजीराव आले होते. अण्णा, तंबोरे जुळवून बघूया का, म्हणाले. आधी काळ जुळवा, असं सुनावलं. सरी, म्हणजे इथल्या बोलीत बरं, एवढंच म्हणून कॉफी पिऊन गेले. मठ्ठ.

२१ सप्टेंबर, रविवार, सकाळी
काल पंचवीस मिनिटं बोललो. हद्दपारी आली तेव्हा सभा स्तब्ध. (व्यंकोजीराव पेंगत होते.) गाण्याला पाच मिनिटं उरली. स्थायी ठीक. अंतरा आठवेना. टिपणं चाळली, बावीस पानांत अंतरा कुठंच लिहिलेला नाही!

पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं हळूच म्हणून दिला. हयवदनराव, रेल्वेतून रिटायर, राहणार येलहंका. कुणाकडे शिकलात, मी दरडावलं. शिकलो नाही, म्हणाले, एकेचाळीस साली ही चीज मीच बांधली, रसदास मीच. लोक पोट धरधरून हसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कर्त्याला स्वतःचा काळ कळतोच असं नाही, हा मुद्दा त्यांना भेटून पटवावा.

२८ सप्टेंबर, रविवार
येलहंक्याला गेलो. हद्दपारीची गोष्ट त्यांना फार आवडली. मग त्यांनी खरी सांगितली. बायको रुसून माहेरी गेली, सासऱ्यांनी सहा महिने पाठवली नाही. दरबार तो सासऱ्यांचा. सांगताना डोळे भरून आले त्यांचे, माझेही आले.

मग अंतरा म्हणा म्हणाले. आता काळ कळला होता, अर्थही कळला होता. सूर लागेना.