रबर दाबून धरायला दुसरं माणूस

रवि. ९ नोव्हें.
विलास आला, पवनानगरहून. सख्खा धाकटा भाऊ, भाऊबीजेलाही फिरकला नव्हता. हातात ब्रेकचे नवे रबर. "ताई, कुरवंड्याच्या उतारावर तुझी सायकल थांबत न्हाई म्हनं!" माझी कॉलेजातली सायकल, जुने कँटिलिव्हर ब्रेक. तेव्हा बसायचो तसेच बसलो. मी दोन्ही रबर रिमवर दाबून धरले, त्यानं पकडीनं तार ओढली. एकट्याचं काम नाहीच ते. फार बरं वाटलं. मूर्ख मी.
तार ओढता ओढता म्हणाला, "आबांच्या जमिनीचं हक्कसोडपत्र तयार हाय. वडगावला कचेरीत येऊन सही तेवढी कर."
माझे अंगठे सुटले. वडिलांच्या जमिनीतला माझा वाटा. विचार करते म्हटलं.
"भावाला द्यायला इचार लागतो व्हय?"
नट न आवळताच गेला. पानाही नेला.

सोम. १०
रिक्षानं शाळेत. वि.चा मेसेज: पुढच्या सोमवारी ११ वाजता, वडगाव. खाली जोडलेले हात. धरणाकाठच्या तुकड्यावर त्याला पर्यटकांसाठी तंबू टाकायचेत. सरळ मागितलं असतं तर दिलंही असतं कदाचित. रबर कशाला आणले?

गुरु. १३
नवा पाना आणला. पुढचं टोक आधी टेकावं म्हणून रबराच्या मागच्या टोकाखाली पोस्टकार्डाची घडी घातली, तेवढं जमलं. पण रबर दाबावेत तर तार सुटते, तार धरावी तर रबर. सायकलवाला म्हणतो, "मॅडम, असले ब्रेक आता कोण लावतं? नवी घ्या."
रडले. ब्रेकसाठी नाही.

शनि. १५
आई आली. वि.नंच जीपमध्ये बसवून धाडली. पायरी चढायच्या आधीच, "कर की सही. म्हायेर तुटंल."
मी अंगणात सायकलपाशी जाऊन बसले. थोड्या वेळानं तीही आली. न सांगता रबर दाबून धरले. नट एका दमात बसला.
चाकाकडे बघतच म्हणाली, "मी बी सोडलं व्हतं, माझ्या भावाला."
"मग?"
"मग काय. वरसाला येक लुगडं. तुजा मामा गेल्यावर त्ये बी न्हाई. आता तितं गेलं तर त्याची पोरं इचारत्यात, कोन पायजे."
"मग मी काय करू?"
"मला नगं इचारू. मला विलासच्याच घरात ऱ्हायचंय."

सोम. १७, सकाळ
रजा टाकलीय. वडगावची लोकल पावणेदहाला. आधार कार्ड पर्समध्ये घातलं, काढलं, परत घातलं.
वि.चे तीन मिस्ड कॉल. आईचा एकही नाही.